बेतवेला समुद्र दाखवणारे घरमालक

समुद्राबद्दल जगात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस समुद्रापासून सगळ्यात लांब राहतो, आणि तो झाशीला लक्ष्मी गेटजवळ राहतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी त्यांच्या माडीवर भाडेकरू होतो. मी श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावचा. आमच्या परसदारी समुद्र. एखाद्या घरात एक म्हातारे काका सदा बडबडत असतात आणि त्यांच्याकडे कुणीच लक्ष देत नाही, तसा तो आमच्याकडे होता. नोकरीनं मला झाशीच्या सरकारी कारखान्यात आणून टाकलं. क्वार्टर मिळेपर्यंत खोली हवी होती. कुणीतरी सांगितलं की लक्ष्मी गेटपाशी एक जुनं मराठी घर आहे, तिथे विचारा. गेलो, तर माझ्या आधी एक कुटुंब येऊन बसलेलं. बाई चांगल्या, गृहस्थ शांत, मूलबाळ आटोपशीर. घरमालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गाव?" मी सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. "समुद्रावर?" म्हटलं, हो. "घरातून दिसतो?" म्हटलं, मागच्या दारातून दिसतो. झालं! त्या भल्या कुटुंबाला "माफ कीजिए, कमरा उठ गया" असं सांगून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आता सांगा, भरती येते तेव्हा आधी आवाज येतो की आधी पाणी?" मी म्हटलं, कधी लक्ष नाही दिलं बुवा. "जन्म काढलात तिथे आणि लक्ष नाही दिलंत? कमाल करता जी तुम्ही!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की किल्ली परत मागतात की काय असं मला वाटलं. त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'समुद्रवाले'. कारखान्यात मी इंजिनीयर असेन, पण लक्ष्मी गेटला मी समुद्रवाले.

आमचे घरमालक हे निवृत्त भूगोलाचे मास्तर. सगळा मोहल्ला त्यांना मास्साब म्हणायचा. घराणं झाशीत इतक्या पिढ्या मुरलेलं की त्यांच्या मराठीत एक वाक्य ओसरी-माजघरातलं आणि दुसरं सरळ सदर बाजारातलं. रागावले की हिंदी, फार रागावले की बुंदेली, आणि समुद्राबद्दल बोलायचं असलं की शुद्ध मराठी. शिकवायची हौस निवृत्तीनं जाते थोडीच! त्यांना भरती-ओहोटी समजावून सांगायची असली की ते स्वयंपाकघरातून परात आणत, ती पाण्यानं भरत आणि अंगणात बसून ती अशी अलगद हेलकावत की पाणी एका काठाला चढावं आणि दुसऱ्या काठाला तळ उघडा पडावा. ऐकायला कुणीही चालायचा. मी, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस. एकदा तर वरातीतून चुकून आत आलेल्या दोन पाहुण्यांना त्यांनी चंद्राचं ओढणं समजावून सांगितलं होतं आणि वरात पुढे निघून गेली होती. आता झाशीचा उन्हाळा म्हणजे काय, हे सांगायला नको. सकाळी नऊला लूची गरम झळ सुरू, नळाला पाणी येतं ते डोळे मिचकावून जातं, आणि अशा दिवसांत हा गृहस्थ परातभर पाण्याची भरती करून अंगणात सांडतोय! आतून काकू ओरडायच्या, "अहो, तुमचा तो हिंद महासागर कपडे धुण्याचा होता!" यावर ते शांतपणे म्हणत, "ओहोटी लागली," आणि उरलेलं पाणी तुळशीला घालत.

इतकी विद्या, इतकी परात, पण एक गोष्ट होती. या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. मला हे कळलं तेव्हा मी हसलोच. ते हसले नाहीत. मग काकूंनी मला खरी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला वर्गात समुद्राचा धडा चालला होता आणि एका पोरानं उभं राहून विचारलं, "मास्साब, आपने देखो है?" खोटं बोलायचं नाही, हा यांचा बाणा. म्हणाले, "नहीं देखा. अगली गर्मी में देखकर आऊँगा, फिर यह पाठ पूरा करूँगा." आणि पुस्तक मिटलं. तो धडा त्यांनी पुढे जन्मभर तिथपर्यंतच शिकवला. परातीत भरती यायची, पण शेवटचं पान राहायचं. "बाकी अगली गर्मी." वर्ग पास होऊन गेले, पोरं बाप झाली, मास्साब निवृत्त झाले, अगली गर्मी काही आली नाही. तो विचारणारा पोरगा आता टक्कल पडलेला दवाईवाला आहे. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान. दर जूनला मास्साब दुकानावरून जायला लागले की तो काउंटरवरून मान लांब करून विचारतो, "काय मास्साब, समुंदर मिल गओ?" त्यात कुचेष्टा नसायची हो, खरंच वाट बघत होता बिचारा. पण मास्साब त्या दिवशी जेवायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग गेले का नाहीत? झाशीहून रेल्वे चिक्कार, रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी मुंबई. तेच मी म्हटलं, आणि पस्तावलो. "रेल्वेनं?" ते म्हणाले. "डब्यातून उतरायचं आणि एकदम समुद्र? पोराला पहिलीत घालायच्या आधी मॅट्रिकला बसवाल का तुम्ही? पाणी ओळखत ओळखत गेलं पाहिजे. आधी तलाव, मग नदी, मग मोठी नदी, मग समुद्र." म्हणून दर उन्हाळ्यात ते आपली जुनी चौकोनी गाडी काढायचे आणि काकूंना घेऊन समुद्राला निघायचे. त्यांच्या घराण्याची जुनी रीत होती, की वाटेत पाणी लागलं तर त्याला विचारल्याशिवाय ओलांडायचं नाही. थांबायचं, चपला काढायच्या, पाय बुडवायचे, हात जोडायचे. पूर्वजांनी बैलगाडीतून येताना ती पाळली असेल, बैलांना तेवढीच विश्रांती. हे ती मोटारीतून पाळत होते. नदी, तलाव, कालवा, पुलाखालचा ओढा, एकाला सोडायचे नाहीत. वर प्रत्येक ठिकाणी व्याख्यान, की हे पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जाऊन मिळतं. बरं, आपला हा देश काय कोरडा आहे? झाशी सोडली की तालबेहटचा तलाव, किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेला, तिथेच अर्धा दिवस खलास!

त्यामुळे व्हायचं असं, की यांची पहिली सुट्टी संपली ती ललितपुरात. दुसऱ्या उन्हाळ्यात सागरपर्यंत मजल गेली. तिथला तो अफाट तलाव पाहून काकू म्हणाल्या, "हाच समजा आता, कुणाला कळतंय!" मास्साब दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एकदा भोपाळचा मोठा तलाव. एका वर्षी पाहुण्यांकडची लग्नं आली, एका वर्षी गाडीचा क्लच गेला. निवृत्तीनंतर सुट्टी अमर्याद झाली तरी गाडीचा वेग काही वाढला नाही. मी भाडेकरू झाल्यावर त्यांना मोबाइलमधला नकाशा लावून दिला, म्हटलं निदान रस्ता तरी चुकणार नाही. त्या नकाशातल्या बाईशी यांची रोज भांडणं. ती सांगायची सरळ जा, हे पुलाच्या तोंडाशी ब्रेक लावायचे. ती पुन्हा सांगायची सरळ जा. मग हे फोनकडे वळून अदबीनं म्हणायचे, "बहनजी, ज़रा ठहरिए, नदी है." एकदा ती काहीच बोलेना, तर यांना चिंता पडली. "रागावल्या वाटतं," म्हणाले.

या सगळ्यात मुख्य पाहुणी होती ती बेतवा नदी. निघण्याच्या आदल्या दिवशी ओरछ्याला जायचं, बेतवेचं पाणी पितळी गडूत भरायचं, तोंडाला फडकं घट्ट बांधायचं, आणि तो गडू थेट समुद्रावर जाऊन सोडायचा. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाले, "आमचा पणजा का खापरपणजा त्या पश्चिमेच्या किनाऱ्यावरून आला. तेव्हापासून आम्हाला पाजलं कुणी? या बेतवेनं. आणि ही बिचारी वाहते यमुनेला, तिथून बंगालच्या उपसागराला. आमचं गाव तिला कधी दिसणारच नाही. जिच्या पाण्यावर वाढलो तिला आपलं गाव दाखवायला नको?"  म्हटलं, काका, बाटलीत न्या, गडू हिंदकळतो. ते म्हणाले, "पाहुणीला पोत्यात घालून नेतात का?"

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तो उन्हाळा माझ्या चांगला लक्षात आहे. गावी जायचंच होतं, म्हटलं यांच्या गाडीतून जाऊ, निदान मी असलो तर हा गृहस्थ पुढे सरकेल. कप्पाळ माझं! तालबेहटला मी घाई केली तर मला पाय बुडवायला लावून परीक्षा घेतली. पण या खेपेला खरंच पुढे गेलो. इंदूर मागे पडलं आणि घाटाच्या माथ्यावर यांनी अचानक गाडी बाजूला घेतली. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही, करपलेलं गवत आणि ट्रकांची रांग. म्हटलं, इथे काय? "उतरा! सगळे उतरा!" आम्हाला रस्त्याकडेला उभं केलं. तांब्यातलं पिण्याचं पाणी जमिनीवर ओतलं. ते दक्षिणेकडे ओघळायला लागलं आणि हे टाळ्या वाजवायला लागले. "बघितलंत? इथवरचं सगळं पाणी बंगालला जात होतं. हे चाललंय नर्मदेला! आपल्या समुद्राला!" डोळ्यांत पाणी, अंगावर धूळ, आणि एक ट्रकवाला थांबून विचारतोय की बाऊजींना चक्कर आली का. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा! कारखान्यातल्या कुणी पाहिलं असतं तर माझी बदलीच झाली असती.

आणि तिथेच घात झाला. पिण्याचं पाणी त्या टाळ्यांत संपलेलं. घाट उतरताना गाडी तापली, बॉनेटमधून वाफा. मास्साब खालच्या वळणावर एका कोरड्या ओढ्याला विचारायला गेले होते, पाणी नसलं तरी जागा त्याचीच की! मी वर रस्त्याला जाऊन येणारी गाडी थांबवायला बघत होतो. काकू एकट्या. व्यवहारी बाई. त्यांनी पाहिलं, गाडी तहानलेली, गडू भरलेला. फडकं सोडलं आणि गाडी जरा निवल्यावर बेतवा रेडिएटरमध्ये ओतली. मास्साब परत आले, गाडी छान सुरू झालेली, काकू खुशीत. मग त्यांना रिकामा गडू दिसला. अहो, रागवायचे तर रागवायचे ना! ते मैलाच्या दगडावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "आता जायचं कुणी? पाहुणीच राहिली नाही." मी समजावलं, बेतवा गाडीतच आहे, काका, इंजिनात का होईना. त्यांनी गाडी वळवली. मी इंदूरहून बस धरून गावी गेलो, आणि ते दोघं झाशीला. काकू नंतर सांगत होत्या की वाटेत ते एका पाण्यावर थांबले नाहीत. त्याचंच काकूंना जास्त लागलं होतं.

जूनमध्ये दवाईवाल्यानं विचारलं, आणि मास्साब त्या रस्त्यानं जायचेच बंद झाले. लांबून, ओरछा गेटकडून वळसा घालून भाजी आणायला लागले. परात चुलीमागे उभी. मी मुद्दाम विचारलं, काका, अमावास्येला भरती मोठी का असते? तर म्हणाले, "पुस्तकात आहे." या माणसाच्या तोंडून हे उत्तर! मला काही बरं वाटेना. काकूंना तर मुळीच नाही. एका संध्याकाळी त्यांनी अंगणात, मी ऐकतोय हे बघून, जाहीर केलं, "ऐका. गाडी म्हातारी झाली, तुम्ही झालात, मी झाले. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचं निघायचं. नाही पोचलो, तर मी रेल्वेनं जाईन. एकटी. आणि दवाईवाल्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून मी सांगेन सगळ्यांना, समुद्र कसा असतो ते." मास्साब तडक उठले. "तू सांगणार?" म्हणाले. "भूगोल तुझा विषय आहे का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी परात काढली.

त्या मे महिन्यात आम्ही निघालो ती काय मिरवणूक होती महाराजा! गाडीला नवं रेडिएटर, मागच्या सीटवर काकू, काकूंच्या मांडीवर गडू. काकूंनी तो मांडीवरून उतरवला नाही. मी म्हटलं, मी धरतो, तर म्हणाल्या, "नको भैया, मागच्या खेपेचा डाग आहे माझ्यावर." मास्साबांनी फडक्याला स्वतः गाठ मारली आणि बजावलं, "समुद्रापर्यंत हे सुटायचं नाही." थांबे तेच, पाय बुडवणं तेच, पण या वेळी चालीत एक जोर होता. प्रत्येक पाण्यावर काकूही गडू घेऊन मागून उतरायच्या. "पितळ फार तापतं हो, जरा बुडवून गार करून आणते," म्हणायच्या आणि पदर ओला करून परत यायच्या. घाटमाथ्यावर पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी पिण्याचं पाणी न सांडता. नर्मदेच्या पुलाखाली मास्साब गुडघाभर पाण्यात उभे राहून तिच्याशी चक्क गप्पा मारत होते. तापीवर तसंच. नाशिकला मात्र बिनसलं. गोदावरीत पाय घातला आणि बाहेर काढला. "काय म्हणावं हिला! समुद्र इथून हाकेवर, आणि ही बाई तोंड फिरवून पार बंगालला चालली! शहाणी ना?" घाटावरची माणसं बघायला लागली. काकू म्हणाल्या, "असू दे हो, तिचं तिला," आणि गडू गार करायला जरा जास्तच वेळ खाली बसल्या. पुढे भीमेनंही तोंड फिरवलेलं निघालं, तिलाही दोन शब्द ऐकवून झाले. ताम्हिणीच्या माथ्यावर शेवटच्या टाळ्या. तिथून पाणी आमच्याकडे उतरतं.  उतारावरून दमट वारा यायला लागला, आंबे-फणस दिसायला लागले. मास्साब स्टिअरिंगवर असे बसलेले, जसे पोरगे निकालाच्या दिवशी बसतात. बहनजी सांगायच्या तेवढं वळायचे.

आमच्या घरी पोचलो ती दुपार. आईला मी फोनवर सगळं सांगून ठेवलेलं. ती दारातच होती. मास्साबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "मागचं दार कुठे?" विचारलं. मी पुढे झालो, दार उघडलं, सुरूच्या झाडांतून बाहेर आलो, आणि माझा जीव असा काही चरकला! समुद्रच नव्हता. ओहोटी! ओली, राखाडी वाळू नजर जाईल तिथवर, तिच्यात चार होड्या कलंडलेल्या, खेकड्यांची भोकं, आणि पार टोकाला एक चकचकीत रेघ. एकादशी होती. एकादशीला दुपारी पाणी आत जातं, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. मी, त्या गावचा सुपुत्र, विसरलो. आणि ज्यांनी आयुष्यभर तिथींवरून भरती काढून दाखवली ते आमचे मास्साब, तेही विसरले! काकू माझ्या मागून पुढे आल्या, कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "कुठे आहे हो?" माझी तर मान वर होईना. इतक्या वर्षांनी पाहुणा आला आणि यजमान बाहेर गेलेला.

 मास्साबांनी चपला काढल्या. ओल्या वाळूवर दहाबारा पावलं टाकली, वाकून वाळूवरच्या त्या नागमोडी रेघांना हात लावला. आणि वळून जे ओरडले ते सुरूवरचे कावळे उडाले. "ओहोटी! अगं, ओहोटी आहे ही! खरी! परातीतली नाही!" नाचायचेच बाकी होते, तेही झालं. आई दारातून बघत मला हळूच म्हणाली, "मेल्या, ह्यांना ऊन लागलंय का रे?" मी म्हटलं, काका, आत चला, जेवा, संध्याकाळी पाणी आलं की येऊ. त्यांनी खुर्ची मागवली. आमच्या ओटीवरची लाकडी खुर्ची मी डोक्यावरून आणली, ती त्यांनी वाळूत नेमकी अशा जागी रोवली जिथे पाणी येईल. वर काकूंनी छत्री धरली. मास्साब बसले, हात मांडीवर ठेवले आणि त्या लांबच्या रेघेकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं मी निघतोय. आता उरलेलं त्यानं चालावं. येऊ दे, आराम से. मी बसलोय."

आणि तो आला. मी त्या किनाऱ्यावर जन्मलो, वाढलो, आणि भरती येताना बसून बघितली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आईनं कोकम सरबत आणलं, साबुदाण्याची खिचडी आणली, आणि मग तीसुद्धा पदर खोचून आमच्यात वाळूत बसली. रेघ जाड झाली, होड्या सरळ व्हायला लागल्या. मास्साब मध्येच हात वर करायचे, "चूप! ऐका! आधी आवाज!" मी कान दिला. खरंच आधी आवाज येतो. पाणी थोडं पुढे यायचं, थोडं मागे सरायचं, पुन्हा पुढे. ऊन कललं तेव्हा पहिली पातळ लाट सरपटत आली आणि मास्साबांच्या अंगठ्याला लागून परत गेली. त्यांचे दोन्ही डोळे भरून वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं. नंतर घोट्यापर्यंत आलं तेव्हा उठले, नीट उभे राहिले आणि काकूंकडे हात केला, "गडू."

त्यांनी स्वतः गाठ सोडली. आत पाहिलं आणि भुवया चढल्या. पाणी काठोकाठ. इतका प्रवास, इतके गचके, एवढं ऊन, आणि गडू काठोकाठ? भूगोलाच्या मास्तराला हे फसवणार थोडंच! "हे कसं?" त्यांनी विचारलं. काकू खाली बघायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. गडू बुडाशी पाझरत होता. तालबेहटलाच मांडी ओली झाली तेव्हा कळलं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तिथूनच गाडी वळवली असतीत. म्हणून थांबलो तिथे तिथे फडक्यासकट बुडवून भरत आले. नर्मदा घातली, तापी घातली, भीमा घातली. आता त्यात बेतवा किती उरली, देवाला ठाऊक." मी डोळेच मिटले. मागच्या वर्षीचा तो मैलाचा दगड मला दिसायला लागला. हा माणूस आता इथून, लाटेच्या तोंडून माघारी फिरतो, असं मला पक्कं वाटलं. काकूंनाही तेच वाटत असणार. मास्साबांनी गडूत पुन्हा पाहिलं. "गोदावरीसुद्धा?" काकू म्हणाल्या, "तिला तर जास्त घेतली. तुम्ही फार बोललात तिला."

आधी त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग असे हसले, असे हसले की लाट गुडघ्यावर आली तरी कळलं नाही. "म्हणजे तोंड फिरवून चाललेल्या सगळ्या आल्या म्हण की! एकीला दाखवायला निघालो होतो, तू सगळं माहेरवाशिणींचं वऱ्हाड घेऊन आलीस!" त्यांनी काकूंचा हात गडूला लावायला लावला. दोघांनी मिळून ओतलं. अगदी शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरला. "घे रे बाबा," समुद्राला म्हणाले, "पहिली बेतवा. बाकीच्या तिच्या पाहुण्या." माझी आई, जिला रोजच्या समुद्रात कधी बघण्यासारखं काही दिसलं नव्हतं, तिनं हात जोडले. मी पण जोडले. कुणाला पाहायचं ते पाहू दे.

झाशीला परतलो ते समुद्राचं पाणी घेऊन, आणि या खेपेला बाटलीत. पाझरणारा गडू नको म्हणून त्यांनीच मागितली. गाडी थेट दवाईवाल्याच्या दुकानासमोर उभी केली. त्यानं मान लांब केली, पण त्याच्या तोंडून प्रश्न फुटायच्या आधी मास्साब म्हणाले, "हाथ आगे." त्याच्या तळव्यावर तीर्थासारखं पाणी घातलं. त्यानं जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुकानाबाहेर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, जो तो साँचऊँ खारो है!" म्हणजे हे तर खरंच खारट आहे! मग काय! मिठाईवाला आला, शिवणवाला आला, पिकलेल्या मिशांचे सगळे जुने विद्यार्थी हात पुढे करून रांगेत. कुणी थुंकला, कुणी डोळ्याला लावलं, मिठाईवाल्यानं "नमक ज़्यादा है मास्साब" असा शेरा मारला. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी त्या धड्याचं शेवटचं पान पूर्ण केलं. परातीशिवाय. आवाज आधी येतो, हेही सांगितलं, आणि साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट केलं. दवाईवाला धडा संपल्यावर वर्गात उभं राहावं तसा उभा राहिला. काकू गाडीत बसून सगळं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जो तोरा होता तो भूगोल आपला विषय नसलेल्या बाईचा नव्हता.

त्यानंतर त्यांनी गाडी काढली नाही. पाठ पूर्ण झाला होता. माझी पुढे बदली झाली, ती आणखी एका बिनसमुद्राच्या शहरात. पण मे लागला की फोन यायचाच. "समुद्रवाले, आत्ता काय, भरती की ओहोटी?" मी ऑफिसात, मला काय दिसणार? मी आईला फोन करायचो, ती मागच्या दारी जाऊन बघून यायची, मी यांना कळवायचो. आता तर आई माझा फोन आला की आधी पाण्याचं सांगते, मग मी जेवलो का विचारते. या मेमध्ये मात्र झाशीचा फोन आला नाही. वाट बघून मीच लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, कान गेलेत रे त्यांचे, फोनवर काही ऐकू येत नाही, गुडघेही धरलेत. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून देते, पश्चिमेकडे तोंड करून बसतात. "तू सांग भैया, मी ओरडून सांगते त्यांना." मी आधीच आईला विचारून ठेवलं होतं. म्हटलं, भरती लागलीय म्हणावं, पाणी येतंय. काकू ओरडल्या, "अहो, येतोय म्हणतात तो! येतोय!" थोडा वेळ गच्चीवरच्या वाऱ्याचा आवाज आला. मग लांबून, पण अगदी स्वच्छ ऐकू आलं, "येऊ दे, आराम से. मी बसलोय."